पैशासाठी पळणारा

बारावीनंतर दोन वर्षं मी पोलीस भरतीसाठी पळत होतो. पहाटे पाचला डांबरी रस्ता, हातात मोबाइल, त्यावर स्टॉपवॉच चालू. १६०० मीटरला आज किती सेकंद कमी झाले, एवढंच आयुष्य. आमच्यातला सगळ्यात चांगला पळणारा मित्र गावोगावच्या मॅरेथॉनही पळायचा. बक्षिसाच्या पाकिटातून त्याच्या घरचा किराणा यायचा.

एका बक्षीस समारंभात पाहुणे माइकवर म्हणाले, "खरा खेळाडू पैशासाठी पळत नाही." मित्र तेव्हा स्टेजवरच होता, पाकिटासाठी हात पुढे करून. परत येताना एसटीत तो एक शब्द बोलला नाही.

नंतर पावो नूर्मीबद्दल वाचलं आणि कळलं, की हे वाक्य फार जुनं आहे. त्याने एकदा जगातल्या सर्वांत मोठ्या धावपटूला ऑलिंपिकच्या दारातून परत पाठवलं होतं.

नूर्मी फिनलंडमधल्या तुर्कू शहरातला. जन्म १८९७चा. वडील सुतार होते, ते १९१०मध्ये गेले. घरात आई आणि भावंडं. घरातलं स्वयंपाकघर दुसऱ्या कुटुंबाला भाड्याने दिलं आणि हे सगळे एका खोलीत राहिले. शाळा सुटली. पोरगा एका बेकरीत लागला. तुर्कूच्या चढांवरून मालाची हातगाडी ढकलत न्यायची, हे त्याचं काम. पाय आणि पाठ त्या गाडीनेच घट्ट केली, असं तो पुढे सांगायचा. १९१२च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये त्याच्याच देशाच्या हानेस कोलेहमाइनेनने तीन सुवर्णपदकं जिंकली आणि या पोराने पळायचं ठरवलं.

१९१९मध्ये तो सैन्यात गेला. तिथे रायफल आणि वाळूची पिशवी घेऊन २० किलोमीटर चालायची स्पर्धा होती. पळायला परवानगी होती म्हणून हा सगळं अंतर पळाला आणि इतक्या लवकर पोहोचला, की याने आडवाट धरली असावी असा काहींना संशय आला.

१९२०च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये त्याने १०,००० मीटर आणि क्रॉस कंट्री जिंकली. त्याच अँटवर्पमध्ये आपल्या बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन पळून १९वे आले होते. दोराबजी टाटांच्या खटपटीमुळे तो संघ युरोपला पोहोचला होता. ती मॅरेथॉन कोलेहमाइनेनने जिंकली. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

नूर्मी पळताना हातात घड्याळ धरायचा. बाकीचे एकमेकांकडे बघत पळायचे, हा घड्याळाकडे. १९२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १५०० आणि ५००० मीटरच्या फायनल एकाच दिवशी, तासाभराच्या अंतराने होत्या. त्याने दोन्ही जिंकल्या.

दोन दिवसांनी, १२ जुलैला, क्रॉस कंट्री. क्रॉस कंट्री म्हणजे ट्रॅक नाही. माती, गवत, चढउतार. साडेदहा किलोमीटरहून थोडं जास्त अंतर, पारा चाळिशीपार, आणि वाटेत कारखान्याचा धूर. ३८ जण निघाले, १५ पोहोचले. बाकीचे वाटेत गळाले, काही भोवळ येऊन पडले. फिनलंडचा हाइकी लीमाटाइनेन शेवटच्या रेषेच्या अलीकडेच थांबला आणि शर्यत संपली असं समजून मागे वळला. लोक ओरडले तेव्हा तो पुन्हा फिरला आणि चालत आत आला. नूर्मी मात्र दुसऱ्या आलेल्या विले रिटोलाच्या जवळपास दीड मिनिट आधी पोहोचला होता. दुसऱ्या दिवशी त्याने ३००० मीटरच्या सांघिक शर्यतीत पाचवं सुवर्ण मिळवलं. त्या दिवसानंतर क्रॉस कंट्री ऑलिंपिकमधून काढून टाकली गेली, ती आजवर परतलेली नाही.

१९२५मध्ये तो अमेरिकेत पाच महिन्यांत ५५ शर्यती पळला. त्याला बघायला स्टेडियम भरत होती. तिकिटं विकणारे कमावत होते, आणि ज्याच्यासाठी लोक येत होते त्याने मात्र हौशी राहायचं होतं. 'हौशी' हा शब्द गोड वाटतो. पण १९व्या शतकात इंग्लंडमध्ये हौशी ॲथलेटिक्सचे पहिले नियम झाले, तेव्हा त्यात कारागीर आणि मजुरांना चक्क मज्जाव होता. मजुरांवरची अट पुढे गेली, पैशाची राहिली. ज्याच्या घरी पैसा आहे त्यालाच ती अट सहज पाळता येते.

१९३२ साली लॉस एंजेलिसमध्ये नूर्मीला मॅरेथॉन पळायची होती. आपल्या आदर्शासारखी, कोलेहमाइनेनसारखी, मॅरेथॉन जिंकून थांबायचं होतं. पण जर्मनीतल्या शर्यतींसाठी प्रवासखर्चाच्या नावाने जास्त पैसे घेतल्याचा आरोप झाला. स्पर्धा सुरू होण्याच्या तोंडावर आंतरराष्ट्रीय महासंघाने त्याला बाद केलं. तेव्हा त्याच्या नावावर नऊ ऑलिंपिक सुवर्णपदकं होती. त्याने पैसे घेतलेच नसतील, असं मी म्हणत नाही. मला प्रश्न एवढाच पडतो, की घेतले असतील तर त्यात चोरी कुणाची झाली?

१९५२मध्ये ऑलिंपिक हेलसिंकीला आलं. मशाल घेऊन स्टेडियममध्ये कोण येणार, हे गुपित ठेवलं होतं. दारातून ५५ वर्षांचा नूर्मी पळत आला. ती चाल बघूनच लोकांनी ओळखलं. ट्रॅकवरून धावून त्याने मशाल कोलेहमाइनेनच्या हातात दिली.

मला भरती मिळाली नाही. मित्राला मिळाली. परवा फोनवर त्याला ही सगळी गोष्ट सांगितली. तो बराच वेळ गप्प होता.

"चाळीस डिग्रीत दहा किलोमीटर?"

"हो."

"आणि पुढं काय केलं त्यानं? पोट कसं भरलं?"

"हेलसिंकीत बिल्डर झाला. अपार्टमेंट बांधली. श्रीमंत झाला."

तो एकदम खूश झाला. "बरं झालं," म्हणाला. "लय बरं झालं."