'स्टँडऑफ' म्हणजे नेमकं काय? कांजूरमार्गच्या जागेवरून समजून घ्या

सीमेवर दोन देशांचं सैन्य समोरासमोर आलं, की बातम्यांत 'स्टँडऑफ' हा शब्द हमखास दिसतो. सोशल मीडियावर मात्र कुठल्याही भांडणाला स्टँडऑफ म्हटलं जातं. या दोन्हींत फरक आहे.

अर्थ काय?

दोन पक्ष आमनेसामने आहेत, कुणी हल्ला करत नाही आणि कुणी मागेही हटत नाही, अशी अडकलेली स्थिती म्हणजे स्टँडऑफ. मराठीत संदर्भानुसार पेच, कोंडी किंवा तिढा म्हणता येतं. २०१७ मध्ये डोकलामला भारत आणि चीनचे सैनिक ७३ दिवस असेच उभे होते.

मुंबईतलं उदाहरण

ऑक्टोबर २०२० मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी मेट्रो-३ ची कारशेड आरेतून कांजूरमार्गला हलवण्याची घोषणा केली. त्यासाठी उपनगर जिल्हाधिकाऱ्यांनी १०२ एकर जागा एमएमआरडीएला दिली. ही मिठागराची जमीन आपली असल्याचा दावा केंद्राने केला. १६ डिसेंबर २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाने जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाला स्थगिती देत परिस्थिती 'जैसे थे' ठेवायला सांगितलं. राज्य जागा सोडेना, केंद्र दावा सोडेना. काम थांबलं.

जून २०२२ मध्ये राज्यात सत्ता बदलली आणि नव्या सरकारने कारशेड पुन्हा आरेत नेली. जमीन कुणाची, याचा निकाल लागण्याआधीच कारशेडपुरता पेच संपला. स्टँडऑफमध्ये असंही होतं. मूळ प्रश्न तसाच राहतो.

डेडलॉक आणि स्टेलमेटपेक्षा वेगळं कसं?

चर्चा किंवा वाटाघाटी अडल्या की तो डेडलॉक. स्टेलमेट हा बुद्धिबळातला शब्द आहे. राजाला शह नसतो, पण खेळायला एकही चाल उरत नाही आणि डाव बरोबरीत सुटतो. स्टँडऑफमध्ये चाल शिल्लक असते. प्रश्न एवढाच, की आधी माघार कोण घेणार?

कुठे वापरायचा?

बोरिवलीच्या अरुंद गल्लीत दोन रिक्षा समोरासमोर आल्या आणि कुणीच मागे घेईना, तर तो स्टँडऑफ. चालक खाली उतरून हातघाईवर आले, की ती मारामारी. आणि तोवर मागे हॉर्न वाजवत अडकलेले लोक? कुठल्याही स्टँडऑफची किंमत बहुतेक वेळा तेच मोजतात.