रेडी-तेरेखोल परिसरातील जुने चलन : ‘लारी’ व ‘अश्रफी’ या नाणेनामांच्या विशेष संदर्भात

वेंगुर्ले तालुक्यातील रेडी म्हणजेच प्राचीन रेवतीद्वीप, असे बहुतेक अभ्यासक मानतात. चालुक्य मंगलेशाने रेवतीद्वीप जिंकल्याचा उल्लेख इ.स. ६३४ च्या ऐहोळे शिलालेखात आढळतो. रेडीच्या दक्षिणेस लागून असलेला तेरेखोल किल्ला १७४६ मध्ये पोर्तुगिजांनी घेतला. त्यामुळे ही राज्यांबरोबरच चलनांचीही सीमा ठरली. प्रस्तुत लेखात या परिसराशी संबंधित दोन नाणेनामांचा विचार केला आहे.

लारी : इराणच्या फार्स प्रांतातील लार या नगरावरून हे नाव रूढ झाले. चांदीची तार मध्यभागी दुमडून तिच्यावर अक्षरांचा ठसा मारीत. होर्मुझच्या व्यापारातून हे नाणे अरबी समुद्राच्या किनाऱ्यावर पसरले. दक्षिण कोकणावर सत्ता असलेल्या विजापूरच्या आदिलशाहीनेही लाऱ्या पाडल्या. दुसऱ्या अली आदिलशहाच्या (१६५६-१६७२) नावाच्या लाऱ्या प्रसिद्ध आहेत. तारेचे नाणे लोपले, तरी मालदीवमध्ये रुफियाच्या शंभराव्या भागास आजही ‘लारी’ म्हणतात.

अश्रफी : इजिप्तचा सुलतान अल्-अशरफ बार्सबाय याच्या १४२५ मधील सुवर्णनाण्यावरून हे नाव आले. इराणात व हिंदुस्थानात ते सोन्याच्या नाण्यास लावले गेले. पोर्तुगिजांच्या तोंडी त्याचे ‘शेराफी’ झाले आणि गोव्यात ते चांदीच्या नाण्याचे नाव ठरले. एक शेराफी म्हणजे पाच टांगा, अर्थात ३०० रेइस. ‘टांगा’ हाही आपल्या ‘टंक’ शब्दाचाच अवतार होय. दोन शेराफींचा, म्हणजे ६०० रेइसचा, एक रुपया होई. १८७१ पासून मात्र गोव्याचा रुपया १६ टांगांचा, म्हणजे ९६० रेइसचा धरला जाऊ लागला.

निष्कर्ष : नाण्याचे नाव टिकते, धातू, आकार व मूल्य मात्र बदलते. म्हणून सीमाभागातील जुने खत, गहाणपत्र किंवा देवस्थानचा जमाखर्च वाचताना केवळ ‘अश्रफी’ अथवा ‘रुपया’ या शब्दावरून रकमेचा अंदाज बांधणे धोक्याचे ठरते. अश्रफी सोन्याची मानली, तर किरकोळ कर्जही मोठे भासेल. १८७१ पूर्वीचा रुपया ९६० रेइसचा धरला, तर हिशेबच चुकेल. कागदाचे वर्ष व तो कोणत्या अमलाखालील आहे, हे निश्चित केल्यावरच रकमेचे मूल्यमापन करणे इष्ट ठरेल.