कथील: सोपाऱ्याच्या बंदरापासून कल्हईपर्यंत

नालासोपाऱ्याच्या आजच्या गर्दीतून आपण दोन हजार वर्षे मागे गेलो, तर समोर बंदर दिसते. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात ‘सुप्पारा’ हे नाव येते आणि भडोचला उतरणाऱ्या मालात तांबे, शिसे यांच्या जोडीने कथीलही येते. यजुर्वेद त्याला त्रपु म्हणतो. पुढच्या संस्कृतातल्या ‘कस्तीर’चे मराठीत कथील झाले. हाताने वाकणारा, वाकताना करकरणारा, अवघ्या २३२ अंश सेल्सिअसला वितळणारा हा मऊ धातू तांब्यात मिसळला, की मात्र तांबे कठीण होते. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याचा स्तूप खणला, तेव्हा कांस्याच्या आठ बुद्धमूर्ती हाती लागल्या. कांस्य म्हणजे तांबे आणि कथील यांचाच संसार.

मलाया द्वीपकल्प कथलाचे माहेर. तिथल्या ‘कलाह’ बंदरावरून अरबी व्यापाऱ्यांचा ‘कलई’ शब्द आला असे मानतात. त्याचीच आपली कल्हई. १५११ मध्ये पोर्तुगीजांनी मलाक्का जिंकले आणि तिथे चक्क कथलाची नाणी पाडली. १५३४ च्या तहाने वसई त्यांना मिळाली, चर्चे उभी राहिली, घंटा चढल्या. घंटेच्या धातूत साधारण पाचवा हिस्सा कथील असते. तिचा दूरवर घुमणारा नाद या मिश्रणाची करणी. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि त्या घंटा मराठी मुलखात गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरात एक आहे. वाईजवळ मेणवलीला, नाना फडणविसांच्या गावी, १७०७ साल कोरलेली दुसरी आहे. माझ्या मते वसईच्या इतिहासाचे याहून टिकाऊ दस्तऐवज नाहीत.

घराघरांत कथील पोहोचले ते कल्हईच्या रूपाने. तांब्यापितळेच्या भांड्यात चिंच-आमसुलाचे आंबट कळकते, म्हणून कल्हईवाला भाता मारून भांडे तापवी, नवसागर टाकी आणि कथलाची कांडी फिरवून बोळ्याने आत चांदीसारखा थर चढवी. स्टेनलेस स्टील आले आणि कल्हईवाल्याची हाक गल्लीतून विरत गेली. आपल्या माळ्यावर आजीचे पितळी पातेले असेल, तर ते मोडीत घालण्याआधी एकदा कल्हईवाला शोधा.