माइक मलिगन अँड हिज स्टीम शव्हल

अमेरिकन लेखिका व चित्रकार व्हर्जिनिया ली बर्टन (१९०९–६८) यांचे मुलांसाठीचे चित्रपुस्तक, प्रकाशन १९३९. गोष्ट काल्पनिक असली तरी तिचा पेच आणि त्याची उकल दोन्ही अस्सल अभियांत्रिकीतली आहेत. बालसाहित्यात हे विरळाच.

माइक मलिगनचे ‘मेरी ॲन’ हे वाफेवर चालणारे खोदयंत्र, म्हणजे आजच्या पोकलेनचे पूर्वज. या जातीच्या यंत्राचे पेटंट विल्यम ओटिस यांना १८३९ मध्ये मिळाले आणि पनामा कालव्यावर अशी कित्येक यंत्रे राबली. पुढे पेट्रोल, वीज आणि डिझेलवरची यंत्रे आली, तशी वाफेची यंत्रे भंगारात निघाली. माइक मात्र मेरी ॲनला मोडीत काढत नाही. पॉपरव्हिल गावातल्या नव्या टाउन हॉलचे तळघर एका दिवसात खोदून देईन, नाही जमले तर दाम घेणार नाही, अशा बोलीवर तो काम घेतो. बघ्यांची गर्दी वाढते तसा कामाचा वेगही वाढतो (हे यंत्रशास्त्रात बसत नाही, पण वाचणाऱ्या मुलाला ते पटते). सूर्य मावळताना चारही कोपरे काटकोनात उभे असतात. आणि तेव्हा लक्षात येते, की घाईघाईत वर यायला वाटच ठेवलेली नाही.

पाया खोदणारा ठेकेदार यंत्र खड्ड्यात उतरवण्याआधीच ते बाहेर कसे काढायचे हे ठरवतो. एका बाजूला मातीचा उतार शेवटपर्यंत राखतो, नाहीतर काम संपल्यावर क्रेन बोलावतो. माइकची चूक नेमकी इथे आहे, यंत्राच्या ताकदीत नाही. उपाय सुचवतो एक लहान मुलगा: यंत्र तिथेच राहू द्या, वर इमारत बांधा आणि बॉयलर इमारत तापवायला वापरा. प्रश्न सुटतो तो बदलल्यामुळे. ‘बाहेर कसे काढायचे’ हे विचारण्याची गरजच उरत नाही. शास्त्राच्या दृष्टीनेही हे टिकते. वाफेने दट्ट्या ढकलला काय किंवा नळांतून जाऊन खोल्या तापवल्या काय, बॉयलरला दोन्ही सारखेच, आणि त्या काळी अमेरिकेतल्या मोठ्या इमारती वाफेवर तापवण्याची पद्धत रूढ होती. दाब उतरवण्याची सोय करावी लागेल. गोष्टीत ती नाही आणि नसल्याने काही बिघडत नाही. ही कल्पना बर्टन यांना खरोखरच एका मुलाने सुचवली होती आणि पुस्तकातल्या तळटीपेत त्याचे आभार मानले आहेत.

मुले अशी गोष्ट किती बारकाईने तपासतात, ते बेव्हर्ली क्लिअरी यांच्या ‘रमोना द पेस्ट’ (१९६८) या कादंबरीत दिसते. बालवर्गात हे पुस्तक वाचून झाल्यावर रमोना विचारते, दिवसभर खोदणारा माइक शौचाला कधी आणि कुठे गेला? बाईंना उत्तर देता येत नाही, कारण पुस्तकात ते नाही. प्रश्न आगाऊ वाटतो, पण सबंध दिवसाच्या कामाचे नियोजन करणाऱ्याला तो टाळता येत नाही.

अलीकडच्या चित्रपुस्तकांचा रोख वेगळा आहे. अँड्रिया बीटी यांच्या ‘रोझी रिव्हिअर, इंजिनिअर’ (२०१३, चित्रे: डेव्हिड रॉबर्ट्स) मध्ये भर आहे तो अपयश पचवण्यावर, रोझीचे उडते यंत्र का कोसळले याची चौकशी फारशी होत नाही. ॲशली स्पायर्स यांच्या ‘द मोस्ट मॅग्निफिसंट थिंग’ (२०१४) मधली मुलगी आपल्या फसलेल्या वस्तू पुन्हा न्याहाळते आणि प्रत्येकीत काय जमले होते ते हेरून पुढची वस्तू बनवते.