‘घाण’ हा शब्द कायद्यात नको

पावसाने घाटात गाड्या खोळंबल्या की गगनबावड्याच्या स्टँडवर मोबाइलचा विषय निघतो आणि एकाच मागणीवर येतो : ‘नेटवरची सगळी घाण एका कडक कायद्याने बंद करा.’ पोरांच्या काळजीने बोलणाऱ्या या माणसांबद्दल मला आदर आहे. त्यांचे म्हणणे मात्र मला मान्य नाही.

घाण कोणती, हे ठरवणार कोण? र. धों. कर्वे यांचे ‘समाजस्वास्थ्य’ मासिक संततिनियमनावर आणि लैंगिक शंकांवर उघड लिहीत होते. सभ्य समाजाला ती घाणच वाटली. १९३४ साली बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले, तरी कर्व्यांना दंड झाला. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातल्या ‘श्यामा’ कथेवरच्या अश्लीलतेच्या खटल्यात चंद्रकांत काकोडकरांना सर्वोच्च न्यायालय गाठावे लागले, तेव्हा कुठे १९६९ मध्ये ते सुटले. २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या साध्या मजकुरापायी अटक झाली, तीही माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या कलम ६६अ च्या मोघम शब्दांवर. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलमच रद्द केले.

‘मग मुलांचे काय?’ असे विचाराल. मुलांसाठीच तर अश्लीलता वेगळी आणि शोषण वेगळे, ही फोड करायची. कथा वाचून मन बिघडते का, यावर वाद घालता येतो. लेकराच्या शोषणाच्या चित्रफितीत तो उरत नाही. ती तयार झाली तेव्हाच त्याच्यावर अत्याचार झालेला असतो. पुढे पाठवणारा प्रत्येक जण त्याची पुन्हा विटंबना करतो. माहिती तंत्रज्ञान कायद्यात अश्लीलतेचे कलम ६७ आणि मुलांविषयीचे ६७ब वेगळे आहे, ते याचसाठी. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘चाइल्ड पोर्नोग्राफी’ हा शब्दही न्यायालयांनी वापरू नये, असे बजावले. त्या शब्दाआड अत्याचार झाकला जातो.

‘घाण’ म्हटल्यानेही तेच होते. जिचा फोटो फिरतो ती पोर स्वतःलाच त्या घाणीत धरते आणि आईलासुद्धा सांगत नाही. नवा कडक कायदा हे मौन कसा फोडणार? मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या पोक्सो कायद्याने मुलाचा जबाब घरी घेता येतो, शक्यतो महिला अधिकाऱ्याने आणि गणवेशाशिवाय. हे किती आईबापांना माहीत आहे? आपल्या पोरांना आज एवढे सांगा : असे काही घडले तर दोष तुझा नाही, आणि मुलांच्या मदतीचा १०९८ हा नंबर तुझ्यासाठी आहे.