दादा, भाई आणि मवाली

घरांत ज्यास ‘दादा’ म्हणावयाचें तो थोरला भाऊ. नाक्यावर ज्यास ‘दादा’ म्हणावें लागतें तो निराळाच. उंबरठा ओलांडतांच एकच शब्द इतका कां पालटावा, याचें आम्हांस नेहमीं कुतूहल वाटत आलें आहे.

जुन्या मराठींत दांडगाईस निखालस नांवें होतीं. ‘पुंड’ म्हणजे सत्तेस न जुमानणारा. ‘धटिंगण’ तर उच्चारांतच अंगावर येतो. ‘मवाली’ची कुळकथा मात्र चमत्कारिक. अरबींत हें ‘मौला’चें अनेकवचन, अरब टोळ्यांच्या आश्रयास राहिलेले अरबेतर मुसलमान ते मवाली. आश्रिताचें नांव मराठींत येऊन गुंडास चिकटलें!

‘दादा’चें तसें नाहीं. गिरणगांवांत परगांवच्या मजुरास उसनवारी व भांडणांत कैवार हवा असे. तो देणारा, तालमींत कमावलेला पुरुष म्हणजे दादा. नातें अगदींच खोटें नव्हतें. पुढें १९५० सालीं अंधेरी-घाटकोपर आणि १९५७ सालीं बोरिवली-मुलुंड मुंबईच्या हद्दींत आलीं. घाटकोपरास गुजराती शेजाऱ्यांच्या नांवास जोडून येणारा सोज्ज्वळ ‘भाई’ रुळलेलाच होता. त्याचीही तीच गत झाली.

या आदरांतलें भय कायद्यानें ओळखिलें आहे. १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या ५६ व्या कलमान्वयें, जीविताच्या वा मालमत्तेच्या धास्तीनें साक्षीदार उघडपणें पुढें येत नसतील, तर दांडगटास हद्दीबाहेर घालवितां येतें. लोकभाषेंत तो ‘तडीपार’. मुदत फार तर दोन वर्षांची. ती सरतांच तो परततो, आणि साक्षीस न गेलेलीं तींच माणसें नाक्यावर म्हणतात, “या, दादा.”