पाणचक्की ते वातानुकूलन यंत्र : छत्रपती संभाजीनगरच्या जलपरंपरेतील पुनरुपयोगाचा विचार

प्रस्तावना :

वातानुकूलन यंत्रातून किंवा डीह्युमिडिफायरमधून ठिबकणारे पाणी गोळा करून ते घरातील कुंड्यांना घालावे काय, हा प्रश्न वरवर पाहता गृहव्यवस्थेतील एक किरकोळ बाब वाटतो. तथापि एका कामासाठी वापरलेल्या अथवा एका कामातून निर्माण झालेल्या पाण्याला दुसरे काम नेमून देणे, हे तत्त्व मराठवाड्याच्या इतिहासात नवे नाही. खडकी, फतेहनगर, औरंगाबाद आणि 2023 पासून छत्रपती संभाजीनगर अशी नावे धारण केलेल्या या शहराची उभारणीच पाण्याच्या काटेकोर नियोजनावर झाली. या परंपरेच्या आधारे आजच्या प्रश्नाचा विचार करणे, हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे.

नहर-ए-अंबरी : शहराचा जलाधार

निजामशाहीचा हबशी वजीर मलिक अंबर याने 1610 मध्ये खडकी येथे राजधानीचे नगर वसविले. खाम नदीचे पात्र जवळ असले तरी ते बारमाही विश्वासाचे नव्हते. म्हणून 1617-18 च्या सुमारास मलिक अंबरने उत्तरेकडील डोंगरउतारावरील भूजल शहरात आणणारी नहर बांधविली. जमिनीखालून जाणारे बांधीव मार्ग, खापराचे नळ आणि ठिकठिकाणी उभारलेले दगडी स्तंभ यांच्या साहाय्याने केवळ नैसर्गिक उताराच्या बळावर पाणी वाहत असे. प्रवाह भूमिगत असल्याने बाष्पीभवनाने होणारी हानीही कमी होत असे. मलिक अंबरचे निधन 1626 मध्ये झाले. पुढे मोगल काळात शहराचा विस्तार झाला, तेव्हा याच धर्तीवर आणखी नहरी काढण्यात आल्या.

या व्यवस्थेचे एक वैशिष्ट्य विशेष उल्लेखनीय आहे. पाणी कोणत्या डोंगरातून येते, कोणत्या हौदात पडते आणि तेथून पुढे कोठे जाते, याची जाण नगररचनेतच अंतर्भूत होती. पाण्याचा उगम आणि शेवट हे दोन्ही रहिवाशांच्या नजरेच्या टप्प्यात होते.

पाणचक्की : एक प्रवाह, अनेक कामे

या परंपरेचा सर्वांत परिचित नमुना म्हणजे खाम नदीकाठची पाणचक्की होय. बुखाऱ्याजवळील गिज्दुवान येथून आलेले नक्शबंदी परंपरेतील संत बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या परिसरात ती आहे. त्यांचे निधन 1715 मध्ये झाले. निजाम-उल-मुल्क आसफजाह याच्या पदरी असलेल्या तुर्कताज खान या सरदाराने 1744 च्या सुमारास पाणचक्की व तिचा जलाशय बांधविला आणि त्यानंतर सुमारे वीस वर्षांनी जमील बेग खान याने मशिदीसमोरील कारंज्यांच्या लांबट हौदाची भर घातली, असे सांगितले जाते.

उंच भिंतीवरून पडणारे पाणी जात्याला गती देत असे आणि त्यावर दळलेल्या पिठातून यात्रेकरू, फकीर व आश्रित यांच्या अन्नाची सोय होत असे. तथापि पाण्याचे काम दळणापुरते मर्यादित नव्हते. त्याच प्रवाहावर हौद भरत, कारंजी उडत व परिसरात गारवा राहत असे. मोठ्या हौदाचा तळ हेच खालच्या प्रशस्त दालनाचे छत आहे. वरील जलसाठा उष्णता शोषून घेतो आणि पृष्ठभागावरील बाष्पीभवन त्या साठ्याला थंड ठेवते, त्यामुळे भर उन्हाळ्यातही खालच्या दालनात सुखद गारवा जाणवतो. उरलेले पाणी अखेरीस खाम नदीकडे सोडले जाई. दळण, शोभा आणि शीतलता ही तीन कामे एकाच प्रवाहाकडून करून घेणारी ही रचना केवळ यांत्रिक चातुर्याची नव्हे, तर पाण्याकडे पाहण्याच्या एका दृष्टीची साक्ष देते.

यंत्रयुगातील घनीभूत पाणी

पाणचक्कीच्या दालनात पाण्याची वाफ होताना गारवा मिळतो. आधुनिक यंत्रात याच्या उलट क्रिया घडते. हवा थंड नळ्यांवरून नेली जाते, तिचे तापमान दवबिंदूच्या खाली जाते आणि तिच्यातील बाष्पाचे पाणी होते. या तंत्राचा आरंभ माणसाच्या सुखासाठी झाला नव्हता, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. 1902 मध्ये विलिस कॅरियर या अमेरिकन अभियंत्याने न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथील एका छापखान्यासाठी आपली योजना आखली. दमट हवेने कागद फुगत असे व रंगीत छपाई जुळत नसे, त्यामुळे हवेतील आर्द्रता काबूत ठेवणे हा तिचा मुख्य हेतू होता. आज ग्रंथालये, हस्तलिखित संग्रह आणि प्रयोगशाळा यांत आर्द्रतानियंत्रण केले जाते ते याच कारणास्तव. अशा प्रत्येक ठिकाणी काही पाणी निर्माण होते आणि ते बहुधा नळीवाटे गटारात जाते.

या पाण्याचे प्रमाण मात्र ऋतूवर अवलंबून असते. पावसाळ्यात 30 अंश सेल्सिअस तापमान व 80 टक्के आर्द्रता असताना एक घनमीटर हवेत सुमारे 24 ग्रॅम बाष्प असते. ती 12 अंशांपर्यंत थंड केल्यास त्यांपैकी निम्म्याहून अधिक बाष्पाचे पाणी होते. याउलट मे महिन्यात 40 अंश तापमान व 15 टक्के आर्द्रता असल्यास एवढ्याच हवेत आठ ग्रॅमही बाष्प नसते आणि तिचा दवबिंदू सुमारे 8 अंशांवर असतो, त्यामुळे 12 अंशांच्या नळीवर जवळजवळ काहीच जमत नाही. ज्या काळात मराठवाड्याला पाण्याची निकड सर्वाधिक, त्याच काळात हा स्रोत आटतो. म्हणून त्याला टंचाईवरील उपाय म्हणणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही. घरातील कुंड्यांना मात्र पावसाळ्यातही पाणी घालावेच लागते. तेवढी गरज हा स्रोत भागवू शकतो.

गुणधर्मांच्या दृष्टीने हे पाणी ऊर्ध्वपातित पाण्याच्या जवळचे असून त्यात क्षार अत्यल्प असतात. विंधनविहिरींच्या जड पाण्याने कुंडीच्या काठावर जो पांढरा थर साचतो, तो या पाण्याने साचत नाही. मनी प्लांट, अरेका पाम यांसारख्या शोभेच्या झाडांना ते मानवते. क्षारांबरोबर पोषकद्रव्येही त्यात नसल्याने अधूनमधून गांडूळखत देणे इष्ट ठरते. यंत्रातील धूळ, जंतू व नळ्यांच्या धातूचा अंश त्यात उतरू शकतो, म्हणून ते पिण्यासाठी अथवा भाजीपाल्यासाठी वापरू नये. नळ्या रसायनाने धुतल्यानंतर लगेच येणारे पाणी टाकून द्यावे. डासांची पैदास टाळण्यासाठी साठवण झाकलेली असावी आणि पाणी एक-दोन दिवसांत संपवावे.

केवळ पाणी मिळविण्यासाठी असे यंत्र चालविणे मात्र समर्थनीय नाही, कारण विजेच्या निर्मितीलाही पाणी लागते. 2015 मध्ये पाण्याअभावी परळी येथील औष्णिक विद्युत केंद्र बंद ठेवावे लागले होते. अन्य कारणाने जे पाणी निर्माण होतच आहे, त्याचाच उपयोग करणे योग्य. मोठ्या वास्तूंमध्ये हे प्रमाण लक्षणीय असू शकते. दुबईतील 2010 मध्ये खुल्या झालेल्या बुर्ज खलिफा या इमारतीत असे पाणी गोळा करून बागेसाठी वापरले जाते व ते वर्षाला सुमारे दीड कोटी गॅलन भरते, असे सांगितले जाते.

दृष्टीतील अंतर

विसाव्या शतकात शहराचा जलाधार बदलला. पैठणजवळील जायकवाडी प्रकल्पाची पायाभरणी 1965 मध्ये झाली आणि 1976 मध्ये त्याचे उद्घाटन झाले. नाथसागराचे पाणी पंपाने उचलून शहरात आणले जाऊ लागले. वाढत्या लोकसंख्येस व उद्योगांस हा पुरवठा अपरिहार्य होता, यात शंका नाही. परंतु पाण्याचा उगम दूर गेला आणि जुन्या नहरींच्या मार्गावर वस्ती वाढत गेली. उगम नजरेआड झाला, तसे वापरानंतर पाणी कोठे जाते, याविषयीचे कुतूहलही मंदावले. गच्चीवरून गटारात जाणारी वातानुकूलन यंत्राची नळी हे या मंदावलेल्या कुतूहलाचेच एक चिन्ह मानता येईल.

निष्कर्ष :

पाणचक्कीच्या प्रवाहाची आणि यंत्रातून ठिबकणाऱ्या पाण्याची परिमाणाच्या दृष्टीने तुलना होऊ शकत नाही. त्यांतील समान सूत्र एवढेच की, पाण्याचे एक काम आटोपल्यावर त्याला दुसरे काम असू शकते, हे आधी गृहीत धरावे लागते. अठराव्या शतकातील कारागिरांनी ही तरतूद बांधकामाच्या आराखड्यातच केली होती. महाविद्यालयांची ग्रंथालये, संगणककक्ष व प्रयोगशाळा यांची उभारणी करताना जलनलिकेचे तोंड गटाराऐवजी झाकलेल्या टाकीकडे वळविणे, हे त्याच तरतुदीचे आजचे रूप ठरेल. त्यासाठी खर्च अल्प लागतो. शिवाय पाण्याच्या वाटेचा माग ठेवण्याची जी सवय या शहराने कधीकाळी अंगी बाणवली होती, ती विद्यार्थ्यांच्या नित्य पाहण्यात पुन्हा येऊ शकेल.